अ‍ॅम्प्लिफायर कुठे ठेवावा?

घरात सीडी प्लेयर एका भिंतीशी आहे आणि स्पीकर समोरच्या. मध्ये दहा मीटर वायर लागणार. मग अ‍ॅम्प्लिफायर प्लेयरजवळ ठेवून स्पीकरकडे लांब वायर न्यावी, की तो स्पीकरजवळ ठेवून लांब वायर प्लेयरकडून आणावी? याचे उत्तर आपण वर्गात शिकवतो त्या ओहमच्या नियमातच आहे.

०.७५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०२३ ओहम असतो. दहा मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन वीस मीटर तार लागते, म्हणजे ०.४६ ओहम. स्पीकर ८ ओहमचा धरला, तर विद्युतदाबाचा ८/८.४६ एवढाच भाग त्याला मिळतो. शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सुमारे ११ टक्क्यांनी घटते. कानाला ही घट जेमतेम जाणवेल. पण ‘८ ओहम’ हा केवळ ठोकळ आकडा आहे. स्पीकरचा रोध कंप्रतेनुसार बदलतो. कुठे तो ६ ओहम असतो, तर कुठे ३०. जिथे रोध कमी, तिथे घट जास्त. त्यामुळे आवाजाचा पोतही थोडा बदलतो.

उपाय मात्र सोपा आहे. २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली की रोध ०.१४ ओहमवर येतो आणि घट साडेतीन टक्क्यांच्या आत राहते. त्यासाठी घरातल्या वायरिंगची साधी तांब्याची तार पुरते. महागड्या ‘खास’ तारेची गरज नाही.

आता दुसरी बाजू पाहू. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रवेशमार्गाचा रोध सहसा दहा हजार ओहम किंवा अधिक असतो. त्यापुढे ०.४६ ओहम म्हणजे वीस हजारांत एक भाग! मग लांब तार इथेच घालावी का? अडचण वेगळी आहे. हा संदेश एक-दोन व्होल्टचा किंवा त्याहूनही क्षीण असतो. घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्यात मिसळली, तर अ‍ॅम्प्लिफायर गाण्याबरोबर तीही वाढवतो. स्पीकरच्या तारेतली गुणगुण मात्र पुढे वाढवली जात नाही. स्टुडिओत यासाठी दोन तारांतून परस्परविरुद्ध संदेश पाठवतात आणि शेवटी त्यांची वजाबाकी करतात. दोन्हींत सारखीच शिरलेली गुणगुण त्यात नाहीशी होते. ही सोय नसेल तर घरी अ‍ॅम्प्लिफायर प्लेयरजवळ ठेवून स्पीकरला जाड तार जोडणे बरे.

वर्गात हे सहज दाखवता येते. अडीच व्होल्ट, ०.३ अँपिअरचा टॉर्चचा बल्ब पेटलेला असताना सुमारे ८ ओहमचाच असतो. तो दोन सेलवर आधी आखूड तारांनी, मग दहा-दहा मीटरच्या बारीक तारांनी पेटवा. तो मंदावलेला दिसेल. आता बल्बच्या जागी व्होल्टमीटर लावा. तार आखूड असो वा लांब, वाचन जवळपास तेच येईल. बल्ब हा स्पीकर, व्होल्टमीटर हा अ‍ॅम्प्लिफायरचा प्रवेशमार्ग.

शाळेच्या मैदानावर कर्णे शंभर-दोनशे मीटर दूर असतात. तिथे जाड तारही परवडत नाही. म्हणून ट्रान्सफॉर्मरने दाब १०० व्होल्टपर्यंत चढवतात. मग २५ वॅटसाठी पाव अँपिअर प्रवाह पुरतो. ८ ओहमच्या कर्ण्याला थेट जोडले असते, तर पावणेदोन अँपिअरहून अधिक लागला असता. वीजमंडळाच्या उच्चदाब वाहिन्यांमागेही हेच तत्त्व आहे.