जुन्या मोटारीचा धूर आणि पीयूसीचा आकडा

आमची मारुती ८०० आहे १९९६ सालची. घेतली तेव्हा आम्ही ठाण्यात होतो, म्हणून नंबर 'एमएच-०४'चा. आता मुक्काम डोंबिवलीत. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणीचं नूतनीकरण केलं, त्यानंतर दर पाच वर्षांनी. पण गेल्या खेपेला पीयूसी केंद्रावर तिनं मला मान खाली घालायला लावली. सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि पडद्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा आला ४.६ टक्के. भारत स्टेज-दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारींना मर्यादा आहे ३ टक्क्यांची.

"काका, करून देऊ का काहीतरी?" मशीनवरच्या मुलानं विचारलं. या 'काहीतरी'चा अर्थ आपल्या सगळ्यांना ठाऊक असतो. खरं सांगतो, क्षणभर हात खिशाकडे गेला होता. पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, शिवाय विम्याचं नूतनीकरणही जवळ आलं होतं. पण सहज विचार आला, हा आकडा नेमका कोणत्या धुराचा?

पेट्रोल मोटारीची ही तपासणी गाडी उभी ठेवून, इंजिन नुसतं चालू ठेवून होते. म्हणजे कल्याणच्या पत्री पुलाजवळ किंवा ठाण्याच्या तीन हात नाक्यावर आपण अडकून पडतो, तेव्हाचाच हा धूर. आणि तिथं आपल्या सायलेन्सरच्या मागे असते स्कूटर. तिच्यावर पुढे उभं असलेलं पोर. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मी गाडी वळवली ती थेट गॅरेजकडे.

आमचा मेकॅनिक बोलतो कमी. कागदावरचे दोन आकडे पाहून म्हणाला, "हायड्रोकार्बन ठीक आहे, सीओ वाढलाय. म्हणजे प्लग मारतायत. पेट्रोल जास्त जातंय." हे समजून घेण्यासारखं आहे. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की पेट्रोल अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. प्लगची ठिणगीच चुकली, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आणि हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. डॉक्टरनं ताप आणि खोकला वेगवेगळे पाहावेत, तसे हे दोन आकडे पाहायचे असतात.

त्यानं एअर फिल्टर काढला. शीळ रस्त्यावरची सगळी धूळ त्यात बसलेली! फिल्टर बदलला. मग खरा चोर सापडला: चोकची केबल अडकत होती, बटण आत ढकललं तरी चोक थोडा लागलेलाच राहायचा. थंड इंजिन सुरू करण्यापुरतं जे जादा पेट्रोल लागतं, ते मी महिनोन्‌महिने दिवसभर पाजत होतो. अ‍ॅव्हरेज का घसरलं होतं, तेही कळलं. शेवटी कार्बोरेटर साफ करून आयडलिंगचा स्क्रू बसवला. इंजिन ऑइलही बदललं, कारण जुन्या ऑइलमध्ये मुरलेलं पेट्रोल वाफेबरोबर पुन्हा इंजिनातच जातं.

कार्बोरेटर नसलेल्या, त्यामानानं नव्या मोटारींचं दुखणं वेगळं. त्यात सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पाहावे लागतात. पण एक गोष्ट दोन्हींना लागू: थंड गाडी तपासणीला नेऊ नका. कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, आणि थंड कार्बोरेटरच्या गाडीला चोक लागतो. केंद्र घराखालीच असेल तर पंधरा-वीस मिनिटं फिरून मग जा. सायलेन्सर फुटका असेल तर आधी तो जोडून घ्या. त्यातून बाहेरची हवा आत शिरली की आकडा खोटा येतो.

दुसऱ्या दिवशी त्याच केंद्रावर आकडा आला १.७. त्या मुलानं नंबरप्लेटचा फोटो काढला, सहा महिन्यांचं प्रमाणपत्र हातात ठेवलं, काही बोलला नाही.

मेकॅनिकनं मात्र विचारलं होतं, "पास झाल्यावर स्क्रू परत फिरवून देऊ? पुष्कळ जण घेतात." मी नको म्हटलं. आता सिग्नल सुटल्यावर गाडी उचलताना किंचित अडखळते आणि मागचा रिक्षावाला लगेच हॉर्न वाजवतो.