बाळ निजलं, पण कशानं?

किरकिरं मूल गप्प करणारं औषध कुठल्या आईला नको असतं? १८४९ पासून अमेरिकेत आणि पुढं इंग्लंडातही ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ खपलं ते ह्याच आशेवर. जाहिरातीत गोजिरवाणं बाळ नि हसरी आई. बाटलीत मात्र मॉर्फिन, म्हणजे अफूचाच अर्क! कित्येक बाळं निजली ती उठलीच नाहीत.

आपल्याकडे जाहिरातही लागली नाही. मालवण-सावंतवाडीकडची कितीतरी कुटुंबं पोटासाठी मुंबईच्या गिरणगावात गेली. तिथं बायका कामावर जाताना तान्ह्याला अफूची ‘बाळगोळी’ देत. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? मागं मूल सांभाळणार कोण?

जाहिरातींना लगाम बसला १९५४ च्या कायद्यानं. मधुमेह, वंध्यत्व अशा दुखण्यांवर हमखास गुणाची जाहिरात करणं गुन्हा ठरलं. तरी एस.टी.तून जाताना रस्त्याकडेच्या भिंती जरा वाचून पाहा!