भिंतीवरचं चित्र आणि खालचं नाव

मागच्या बैठकीत आमच्याकडे ‘आर्ट गॅलरी’ हा शब्द निघाला. एका मावशींनी विचारलं, “गॅलरी म्हणजे कपडे वाळत घालायची का गं?” सगळ्या हसल्या, पण नीट उत्तर कुणालाच देता येईना. म्हणून पुणतांब्याच्या आम्ही बाया आज त्याच विषयावर बोलणार आहोत.

आर्ट गॅलरी म्हणजे चित्रं मांडायची आणि विकायची जागा. मुंबईत काळा घोडा भागात जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे. तिच्याच पहिल्या मजल्यावर १९६३ साली केकू आणि खुर्शीद गांधी या पारशी जोडप्याने ‘केमोल्ड’ नावाची लहानशी गॅलरी उघडली. त्याआधी त्यांचा धंदा फ्रेमांचा. दुकानात फ्रेमा दाखवायच्या, तर आत चित्र हवं. म्हणून नव्या चित्रकारांची चित्रं लावू लागले आणि त्यातूनच पुढे गॅलरी झाली.

आपल्याकडे कांद्याचा हंगाम असतो, तसा चित्रांचाही असतो. पावसाळा सरला की प्रदर्शनांना जोर येतो, तो उन्हाळा लागेपर्यंत. एकाचं काम काही दिवस किंवा आठवडे लावतात, मग ते उतरवून दुसऱ्याचं लावतात. जहांगीरला आत जायला तिकीट नाही. चित्र घ्यायलाच हवं असंही नाही. बघायचं, न समजलं तर विचारायचं.

आजची कला म्हणजे नुसती फुलं आणि देखावे नव्हेत. अतुल डोडिया या मुंबईच्या चित्रकाराने दुकानाच्या लोखंडी शटरवर महालक्ष्मी रंगवली. शटर वर केलं की आत दिसतात हुंड्यापायी गळफास घेतलेल्या बहिणी. बाहेर लक्ष्मीची पूजा आणि आत घरच्या लक्ष्मीची ही गत! हे समजायला शिक्षण लागत नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. डहाणू भागात वारली समाजात लग्नाच्या वेळी सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. हे काम बायकांचं. भास्कर कुलकर्णी यांनी वारल्यांना कागद दिले आणि १९७५ साली केमोल्डमध्ये जिव्या सोमा मशे यांची चित्रं लागली. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली. मान योग्यच होता. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या त्या सवाशिणींची नावं आज कुणाला सांगता येतील? भिंतीवर कुणी सही करत नाही.

आम्हाला हे लागलं, कारण आमचंही तसंच झालं. गटातल्या गोधड्या एका व्यापाऱ्याने नेल्या. शहरात त्या चांगल्या भावाने विकल्या गेल्या, पण कुणी शिवल्या हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. चूक आमचीही होती, आम्ही नाव टाकलंच नव्हतं.

गॅलरीत चित्राशेजारी एक छोटी पट्टी असते. तिच्यावर करणाऱ्याचं नाव, चित्राचं नाव, कशाने केलं आणि कोणत्या साली, एवढं लिहितात. चित्र विकलं गेलं की गॅलरी आपला वाटा घेते, कधी कधी निम्म्यापर्यंत. पण तो वाटा आधी ठरलेला असतो.

आपणही एवढं करू या. प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव, गाव आणि साल दोऱ्याने घालू या. माल देण्याआधी किंमत, समोरच्याचा वाटा आणि पैसे कधी मिळणार, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेऊ या. मालाचा एक फोटो गटाच्या वहीत चिकटवू या.

आम्ही सुरुवात केली आहे. परवा त्याच मावशींनी लाल दोऱ्याने आपलं नाव घातलं. अक्षर जरा वाकडं आलं. त्या म्हणाल्या, “वाकडं असू दे, पण माझं आहे.”