बाटलीतलं बेणं

उसाचा शेंडा सोलताना आधी बाहेरची हिरवी पानं जातात, मग फिकट पिवळी, मग अगदी पांढरी. बाईंच्या एका हातात चिमटा, दुसऱ्यात पातं. दोन्ही स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची, निवू द्यायची, मग आणखी एक पदर काढायचा. सगळे पदर निघाले की उरतो तो टाचणीच्या डोक्याहून लहान, दुधी ठिपका. उसाच्या वाढीचा बिंदू तो हाच. पात्याच्या टोकावर उचलून तो बाटलीत ठेवेपर्यंत बाई कोणाशी बोलत नाहीत. तोंडावर मास्क असतो, समोरच्या लॅमिनार यंत्रातून गाळलेली हवा एकसुरी आवाज करत येत राहते. हात जड पडला तर ठिपका चिरडतो. तुकडा जरा मोठा निघाला तर रोगही सोबत येतो.

मांजरी बुद्रुकच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ऊतिसंवर्धनाचं काम असं चालतं. हडपसरच्या गाडीतळावरून सोलापूर रस्त्याने इकडे येताना ऊस आता क्वचितच दिसतो. मगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून तिथे नगर वसवलं. थेऊरचा यशवंत कारखाना २०११ मध्ये बंद पडला. शेतं गेली, पण जिवाशी निगडित संशोधन या पट्ट्यात टिकून राहिलं. १९६६ मध्ये सुरू झालेली सीरम इन्स्टिट्यूट इथलीच आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही मांजरीतच. उसाची संस्था साखर कारखान्यांच्या सहकारातून १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने उभी राहिली. वसंतदादा पाटलांचं नाव तिला त्यांच्या निधनानंतर, १९८९ मध्ये मिळालं. ऑक्सफर्डसोबत विकसित केलेल्या आणि सीरम बनवत असलेल्या हिवतापाच्या आर२१ लशीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केली, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. उसाच्या निरोगी बेण्याची बातमी होत नाही. व्हायला हवी.

गवताळ वाढीचं बेट एकदा पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटेल. भरल्या फडात मधेच एक बेट दिसतं. त्याला शेकडो बारीक, पांढुरके फुटवे आलेले असतात, पण त्यातल्या एकालाही धड कांडी धरत नाही. रोगाचं कारण असलेला फायटोप्लाझ्मा पानांत तयार झालेलं अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये राहतो आणि कांडीबरोबर पुढच्या लागणीत जातो. मोझॅक आणि पिवळ्या पानांचे विषाणूही असेच बेण्यातून पसरतात. शेतकरी मात्र बेणं घेताना बहुतेक वेळा एवढंच विचारतो की वाण कोणता, को ८६०३२ की फुले २६५. त्या कांडीच्या आत काय आहे, हे विचारायची सवय नाही आणि विचारलं तरी नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही.

शेंड्यातल्या त्या ठिपक्याची खरी किंमत इथे कळते. तिथल्या पेशी इतक्या कोवळ्या असतात की अन्न वाहणाऱ्या नळ्या त्यांच्यापर्यंत अजून पोचलेल्या नसतात. वाटच नसल्याने रोगाला आत शिरणं अवघड जातं. फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये असाच वाढबिंदू वाढवून रोगट डेलियापासून विषाणूमुक्त झाडं मिळवली. त्याच तत्त्वावर बाईंचं पातं चालतं. तरीही नुसत्या भरवशावर कोणी राहत नाही. पुढे बाटल्या भरण्याआधी रोपांचे नमुने विषाणूंसाठी तपासावे लागतात. ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणनाची राष्ट्रीय व्यवस्था केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून त्यासाठीच लावली आहे.

इथला माणूस कामाचं कारण सांगायला लागला की एक आकडा हमखास येतो, एकास दहा. एका एकरातल्या बेण्यावर पुढच्या वर्षी साधारण दहा एकरांची लागण होते. पैदासकाराने संकरापासून वाण तयार करण्यात बारा-पंधरा वर्षं घालवलेली असतात. त्यानंतर एकाचे दहा, दहाचे शंभर असं करत दहा लाख एकरांवर जायला आणखी सहा हंगाम लागतात. महाराष्ट्रात ऊस अलीकडे १२ ते १४ लाख हेक्टरांवर असतो. एवढ्या मोठ्या पिकासाठी एकास दहा हा वेग फार संथ आहे.

बाटलीत हिशेब वेगळा होतो. दर दोन-तीन आठवड्यांनी फुटव्यांचा झुबका काढायचा, सोडवायचा आणि नव्या माध्यमात लावायचा. प्रत्येक फेरीत एकाचे तीन झाले असं धरलं, तरी आठ फेऱ्यांत ६,५६१ फुटवे होतात. पाच बाय दोन फुटांवर लागण केली तर एकरी सुमारे ४,३५० रोपं पुरतात. म्हणजे त्या एका दुधी ठिपक्यातून काही महिन्यांत दीड एकराची रोपं. मग आठवर का थांबायचं? कारण फेऱ्या वाढवत नेल्या तर रोपांत फरक पडू लागतात आणि मूळ वाणाचे गुण ढळतात. मागणी कितीही असली तरी इथे हात आवरावा लागतो, आणि हा संयम या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

माध्यम म्हणजे मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी ठरवलेलं क्षारांचं मिश्रण. त्यात वाढीची संप्रेरकं आणि लिटरला ३० ग्रॅम साखर. बाटलीतलं रोप स्वतःचं अन्न पुरेसं बनवू शकत नाही, म्हणून उसालाच साखर घालावी लागते. झाकणं लावून १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह करायचं, थंड करायचं, मांडणीवर ठेवायचं.

ऑटोक्लेव्हच्या खोलीत शिजलेल्या साखरेचा गोडसर, कोंदट वास असतो. बिघडलेल्या बाटल्यांचा वास मात्र वेगळा, आंबूस, आणि तो नाकातून लवकर जात नाही. ज्या साखरेवर ऊस वाढतो तिच्यावर बुरशीही वाढते. ग्रोथ रूममध्ये पंचवीस अंशांच्या आसपास तापमान आणि दिवसाचे सोळा तास उजेड. तिथून रांगेने फिरताना बाई बाटली उजेडाला धरतात, तळाशी किंचित धुरकट काही दिसलं की बाजूला काढतात. इतर कोणाला तिथे काहीच दिसत नाही. पहिल्या दिवसांत उसाच्या कापातून द्रव्यं पाझरून माध्यम तपकिरी पडतं, तेव्हा तुकडा लगेच नव्या बाटलीत हलवावा लागतो. यातलं काही यंत्र ठरवत नाही. उसाच्या जनुकसंचाचा सविस्तर आराखडा मार्च २०२४ मध्ये ‘नेचर’ने छापला. आर५७० हा तो वाण, सुमारे १० अब्ज अक्षरांचा, माणसाच्या तिप्पट. त्या आराखड्यातून उद्या नवे वाण येतील. त्यांची रोपं करायला पुन्हा हेच हात लागणार आहेत, आणि या कौशल्याला संशोधन म्हणायला अजून फारसं कोणी तयार नाही.

मुळं फुटली की रोपं बाटलीतून निघतात. आगर धुऊन ती कोकोपीटच्या ट्रेमध्ये बसतात आणि शेडनेटखाली हळूहळू बाहेरच्या हवेला सरावतात. त्यानंतर येतो त्रिस्तरीय बेणेमळा, म्हणजे मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित बेणं. इथे पुन्हा एकास दहा लागू होतं, पण आता सुरुवातच हजारो निरोगी रोपांनी झालेली असते.

शेतात गेल्यावर तुडतुडे रोग परत आणतात, खोडव्यात तो वाढतो. म्हणून रोगट बेट दिसताच मुळासकट उपटून नष्ट करायचं आणि दर तीन-चार वर्षांनी बेणं बदलायचं, असा सल्ला इथे येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मिळतो. जुलै-ऑगस्टच्या आडसालीसाठी रोपं हवी असतील तर त्यांचे शेंडे कित्येक महिने आधी सोलून बाटलीत गेलेले असावे लागतात. मागणी घेऊन लोक मात्र पावसाच्या तोंडावर येतात, आणि तेव्हा त्यांना पूर्वहंगामीची, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची तारीख सांगावी लागते.