दडा सुटतो, केसपेशी परतत नाहीत

खंडाळ्याचा घाट चढून लोहगडवाडीकडे येताना कानांना दडे बसतात. कारण मध्यकर्णातल्या हवेचा दाब. आवंढा गिळला, जांभई दिली की सुटतात. अंतर्कर्णाचं दुखणं असं सुटत नाही. तिथल्या शंखाकृती नलिकेत आवाज टिपणाऱ्या जेमतेम १५ हजार केसपेशी. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि त्या उगवाव्यात यासाठी जगभर संशोधन सुरू आहे. तोवर मोठा आधार कॉक्लिअर इम्प्लांटचा: मेलेल्या पेशींना वळसा घालून ते विद्युतसंकेत थेट श्रवणतंतूंना देतं. या शस्त्रक्रियेतले मुंबईचे अग्रणी डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४मध्ये पद्मश्री मिळाली. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर दडा समजून थांबू नका; लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.