आलेख एकच, भावना दोन

३ नोव्हेंबर २०२० च्या रात्री अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीची मतमोजणी सुरू झाली, तेव्हा पेनसिल्व्हेनिया राज्यात डोनाल्ड ट्रम्प लाखो मतांनी पुढे होते. दुसऱ्या दिवशी ही आघाडी साडेसहा लाखांच्याही पुढे होती. मग ती वितळू लागली. ७ नोव्हेंबरला त्यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी जो बायडेन विजयी घोषित झाले आणि शेवटी ते राज्य त्यांनी सुमारे ८० हजार मतांनी जिंकलं.

यात गूढ काही नव्हतं. करोनामुळे लाखो लोकांनी टपालानं मतं पाठवली होती आणि त्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदार फार जास्त होते. मतदानाच्या दिवसाआधी ही पाकिटं उघडायला त्या राज्याचा कायदा परवानगी देत नाही. साहजिकच ती मागाहून मोजली गेली. आघाडीचा आलेख जसा वळायला हवा होता तसाच वळला.

पण तोच आलेख पाहून एका घरात लोक म्हणाले, ‘चला, उरलेली मतं मोजून होतायत’, आणि शेजारच्या घरात म्हणाले, ‘डोळ्यांदेखत चोरी चाललीय.’ मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं. आकडे तेच, मोजणारे कर्मचारी तेच. फरक आधीच्या काही महिन्यांत त्या दोन घरांतल्या टीव्हीवर काय दिसलं आणि काय दिसलं नाही, याचा होता.

हे नुसतं म्हणणं सोपं, सिद्ध करणं महाकठीण. माणूस ‘फॉक्स न्यूज’ हे वृत्तचॅनेल बघतो म्हणून उजवीकडे झुकतो, की मुळात झुकलेला असतो म्हणून फॉक्स लावतो? ग्रेगरी मार्टिन आणि अली युरुकोग्लू या दोन संशोधकांनी ही गाठ ज्या युक्तीनं सोडवली, ती वाचून मी थक्क झालो. त्यांनी चॅनेलचा नंबर पाहिला! अमेरिकेत गावोगावच्या केबलवाल्यांनी फॉक्सला वेगवेगळे नंबर दिले होते. कुठे सुरुवातीचा, कुठे पार शेवटचा. त्या नंबराचा गावच्या राजकारणाशी संबंध नव्हता. पण रिमोट दाबत जाणारा माणूस सुरुवातीच्या नंबरांवर जास्त थबकतो. त्यामुळे जिथे नंबर सुरुवातीचा, तिथे फॉक्स थोडं जास्त पाहिलं गेलं आणि तिथेच ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाची मतंही थोडी वाढली. २०१७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशेब असा: निव्वळ नंबरामुळे ज्यांचं बघणं आठवड्याला अडीच मिनिटांनी वाढलं, त्यांच्यात त्या पक्षाच्या मतांचा वाटा ०.३ टक्केबिंदूंनी वाढला. अडीच मिनिटं! एवढ्यात चहाला उकळीही फुटत नाही.

मग डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या आणखी दोन संशोधकांनी थेट प्रयोगच केला. काळ सप्टेंबर २०२०, म्हणजे निवडणूक दोन महिन्यांवर. फॉक्सचे नेहमीचे प्रेक्षक निवडले, त्यांतल्या काहींची चिठ्ठी काढावी तशी निवड करून त्यांना सांगितलं, की महिनाभर फॉक्सऐवजी ‘सीएनएन’ हे दुसरं वृत्तचॅनेल पाहा. तासाला १५ डॉलर देऊ, आठवड्याला ७ तासांपर्यंत. खरंच पाहतायत की नाही हे कळावं म्हणून मधूनमधून बातम्यांवर प्रश्न विचारले. महिन्यानं ही मंडळी काही पक्ष बदलून आली नाहीत. पण करोनाबद्दल त्यांना नव्या गोष्टी ठाऊक झाल्या होत्या, टपाली मतदानाकडे ती जरा मऊपणानं पाहू लागली होती, आणि ट्रम्प यांनी काही वाईट केलं तर फॉक्स ते दाखवणार नाही, असं मानणारेही त्यांच्यात वाढले होते. पैसे थांबले, लोक आपल्या जुन्या चॅनेलकडे वळले आणि बदलही बराचसा ओसरला.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा धागा इथे आहे. पक्षपात म्हटलं की आपल्याला आरडाओरडा करणारा निवेदक आठवतो. पण खरी ताकद वगळण्यात असते. जी बातमी आलीच नाही, तिच्यावर प्रेक्षक शंका तरी कशी घेणार? टपाली मतं उशिरा मोजली जातात, हे ज्याला कुणी नीट समजावलं नाही, त्याला तो वळणारा आलेख चोरीचाच वाटणार. त्याला मूर्ख म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि ही दोरी दुसऱ्या टोकाकडूनही, म्हणजे प्रेक्षकांकडूनही, ओढली जाते. त्याच ३ नोव्हेंबरच्या रात्री ११ वाजून २० मिनिटांनी फॉक्सनं अंदाज जाहीर करून ॲरिझोना राज्य बायडेन यांना देऊन टाकलं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं तेच सांगायला आणखी साडेतीन तास घेतले. घाई झाली असं पुष्कळ जाणकार म्हणतात, पण अंदाज खरा ठरला: फरक १०,४५७ मतांचा. त्या राज्यातल्या फिनिक्स शहरात मतमोजणी केंद्राबाहेर जमलेल्या ट्रम्पसमर्थकांनी मात्र आपल्याच लाडक्या चॅनेलच्या नावानं शिमगा केला. प्रेक्षक ‘न्यूजमॅक्स’ या छोट्या चॅनेलकडे सरकू लागले. फॉक्समध्ये घबराट पसरली. निवडणुकीतल्या गैरप्रकारांबद्दलचा ट्रम्प यांचा दावा तपासून तो खोटा असल्याचं सांगणाऱ्या स्वतःच्याच बातमीदार महिलेला काढून टाका, कंपनीच्या शेअरचा भाव पडतोय, असा संदेश प्रसिद्ध निवेदक टकर कार्लसन यांनी सहकाऱ्यांना पाठवला. दुसरीकडे, डॉमिनियन कंपनीच्या मतदान यंत्रांनी मतं फिरवली, असं सांगणाऱ्या पाहुण्यांना पडद्यावर जागा मिळत राहिली, आणि आतले कित्येक जण तो आरोप खासगीत हास्यास्पद ठरवत होते.

हे संदेश बाहेर आले ते डॉमिनियननं भरलेल्या बदनामीच्या खटल्यामुळे. हे आरोप खोटे आहेत, हे न्यायाधीशांनी खटला उभा राहण्याआधीच निःसंदिग्धपणे नोंदवलं. १८ एप्रिल २०२३ ला फॉक्सनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन समझोता केला. ज्या पडद्यावर तो आरोप आठवडेच्या आठवडे ऐकू आला, त्याच पडद्यावर निवेदकांनी माफी मागावी, अशी अट मात्र त्या समझोत्यात नव्हती.