पिल्लाचे पोट आणि दुधाची वाटी

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझा मुलगा शर्टाच्या आत काहीतरी लपवून घरी आला. ते 'काहीतरी' कुईकुई करीत होते. सात-आठ आठवड्यांचे, जेमतेम दोन किलो वजनाचे कुत्र्याचे पिल्लू! त्याचे नाव लगेच खंड्या ठेवले गेले आणि भुकेल्या पाहुण्यापुढे गाईच्या दुधाची भरलेली वाटी आली. वाटी चाटूनपुसून साफ. रात्री आणखी अर्धी वाटी.

सकाळी व्हरांड्यात पाण्यासारखे पातळ शौच सगळीकडे. खंड्या मात्र शेपटी हलवीत होता, म्हणून आम्ही पुन्हा दूध दिले. दुपारपर्यंत आणखी चार वेळा पोट बिघडले. मग मी दुसरी चूक केली. 'लंघनं परमौषधम्' असे म्हणून त्याचे खाणे आणि पिणे दोन्ही बंद केले. संध्याकाळी ते पिल्लू मान टाकून पडले, हाक मारली तरी उठेना. पशुवैद्यांनी त्याच्या कातडीखाली सलाइन दिले, शौचाची तपासणी केली आणि मला विचारले, "तुम्ही काय शिकवता?" मी म्हणालो, "पदार्थविज्ञान." त्यावर ते हसले. "मग या पिल्लाला काय झाले ते तुम्हीच मला सांगायला हवे होते!"

त्यांचे बोलणे मला लागले, पण खरे होते. चला तर, तुमच्याबरोबर मीही तो धडा पुन्हा गिरवतो.

तुम्ही बेदाणे पाण्यात भिजत घातलेले पाहिले असतील. सुकलेला बेदाणा तासा-दोन तासांत टम्म फुगतो. त्याच्या सालीतून पाणी आत जाते, पण आतली साखर तितक्या सहजपणे बाहेर येऊ शकत नाही. जिकडे विरघळलेले रेणू जास्त, तिकडे पाणी ओढले जाते. यालाच तर्षण म्हणतात. आतड्याचे अस्तरही असेच पाणी जाऊ-येऊ देते. (हे बेदाणे प्रयोगानंतर पिल्लाला मात्र घालू नका. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.)

दुधात लॅक्टोज नावाची शर्करा असते. तिचा रेणू मोठा असतो आणि तो अखंड असताना रक्तात शोषला जात नाही. लॅक्टेज नावाचे विकर त्याचे दोन तुकडे करते आणि मगच ते शोषले जातात. आईच्या दुधावरच्या पिल्लाजवळ हे विकर भरपूर असते, पण दूध तुटू लागले की ते कमी होत जाते. शिवाय कुत्रीचे दूध आणि गाईचे दूध यांत फार फरक आहे. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतात आणि लॅक्टोज कमी. गाईच्या किंवा म्हशीच्या दुधात ते सुमारे ५ टक्के असते.

आता थोडे गणित करू. २०० मिलिलिटर दुधात सुमारे १० ग्रॅम लॅक्टोज. त्याचा रेणुभार ३४२, म्हणजे हे झाले ०.०२९ मोल. शरीरातील द्रवांमध्ये दर लिटरला सुमारे ०.३ मोल इतके विरघळलेले कण असतात. आतड्यातील द्रवही त्याच तोलावर येऊ पाहतो. मग ०.०२९ ला ०.३ ने भागा. उत्तर येते जवळजवळ ०.१ लिटर, म्हणजे १०० मिलिलिटर! लॅक्टोज मुळीच पचले नाही असे धरले, तर एवढे पाणी आतड्यातच अडकून पडते. निम्मे पचले, तरी ५० मिलिलिटर. पुढे मोठ्या आतड्यात जंतू त्या लॅक्टोजवर ताव मारतात. एका रेणूचे अनेक लहान रेणू होतात, वायू तयार होतो, पोट गुडगुडते. लहान रेणूंपैकी काही शोषले जातात, उरलेले आणखी पाणी ओढतात.

"पण आम्ही तर दुधात निम्मे पाणी घालून देतो!" असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. वाटीत घातलेले लॅक्टोज जर १० ग्रॅमच असेल, तर पाणी घातल्याने त्याचे ग्रॅम कमी होत नाहीत. गणित तेच राहते.

१०० मिलिलिटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पिल्लाचे वजन २ किलो आहे, हे विसरू नका. १०० ग्रॅम म्हणजे त्याच्या वजनाचे ५ टक्के. शरीरातील इतके पाणी गेले की शुष्कतेची चिन्हे दिसू लागतात. १० ते १२ टक्के गेले की जिवावर बेतते. पन्नास किलोच्या मुलाच्या अंगातून १०० मिलिलिटर पाणी गेले, तर त्याला पत्ताही लागत नाही.

उपाशी ठेवण्यात माझे काय चुकले? त्यासाठी भूमितीकडे वळू. १६ किलोचा कुत्रा आणि २ किलोचे पिल्लू एकाच आकाराचे आहेत असे माना. वजन आठ पट, म्हणजे लांबी दुप्पट आणि पृष्ठफळ चौपट. तेव्हा दर किलोमागे पिल्लाचे पृष्ठफळ मोठ्या कुत्र्याच्या दुप्पट भरते, आणि उष्णता तर पृष्ठभागातूनच निसटते. प्रत्यक्षात हिशेब थोडा निराळा येतो. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले, की प्राण्यांची विश्रांतीतील ऊर्जेची गरज वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात असते. २ किलोच्या पिल्लाला नुसते पडून राहायला सुमारे ११८ किलोकॅलरी लागतात, म्हणजे किलोमागे ५९. १६ किलोच्या कुत्र्याला किलोमागे ३५. त्यात पिल्लाला वाढायचे असते! चार महिन्यांच्या आतील पिल्लाला विश्रांतीच्या सुमारे तिप्पट ऊर्जा हवी, म्हणजे दिवसाला ३५० किलोकॅलरी.

खर्च एवढा मोठा, आणि शिल्लक? चिमुकल्या यकृतात साठलेली शर्करा काही तासांतच संपू लागते. मग रक्तातील साखर उतरते आणि पिल्लू थरथरते, लुळे पडते. मोठ्या कुत्र्याचे पोट बिघडले तर डॉक्टर कधी कधी त्याला काही तास उपाशी ठेवायला सांगतात, पण हा नियम पिल्लाला लावायचा नसतो. पाणी तर कोणाचेच तोडू नये.

मग द्यायचे काय? दूध बंद. मऊ शिजवलेला भात आणि बिनहाडांची उकडलेली कोंबडी, मीठ-मसाला-तेल काही न घालता, दोन-दोन चमचे, पण दर दोन-तीन तासांनी. कुत्र्याला भात पचतो का, अशी शंका येईल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात ४ ते ३०. माणसाच्या उकिरड्याभोवती हजारो वर्षे वावरल्याचा हा परिणाम असावा.

आपल्याकडील जलसंजीवनीचे पुडेही डॉक्टरांना विचारून देता येतात. तिच्यातील ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या भिंतीतून जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागे जाते. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये सुचवली, आणि १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर असंख्य पटकीग्रस्तांचे प्राण वाचवले. एक लिटरचा पुडा बरोबर एक लिटर पाण्यातच विरघळवा. पाणी कमी घातले तर द्रावण दाट होते आणि पाणी आत नेण्याऐवजी उलट आतड्याकडे ओढते. बेदाणा आठवा!

मात्र प्रत्येक पातळ शौचाचे कारण दूध नसते. पिल्लाला आईच्या पोटातूनच जंत मिळू शकतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून जंतांचे औषध द्यावे लागते. (त्या जंतांची अंडी आपल्याही पोटात जाऊ शकतात. पिल्लाशी खेळून झाल्यावर साबणाने हात धुवा.) आणि १९७८ पासून जगभर पसरलेला पार्व्हो नावाचा विषाणू तर पिल्लांचा काळच आहे. शौचात रक्त, वारंवार उलटी, मलूलपणा, पाणी नाकारणे, फिकट किंवा चिकट हिरड्या, यांपैकी एक जरी दिसले तरी भात शिजवीत बसू नका, दवाखाना गाठा. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, पार्व्होची लस टोचून घ्यावी लागते. माणसांची जुलाबाची किंवा तापाची गोळी तर कधीच देऊ नये. पॅरासिटामॉलही त्याला विषारी ठरू शकते.

पोट ताळ्यावर आल्यावर वेळापत्रक हवे. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा, तेही ठरलेल्या वेळी. जेवण झाले की थोड्याच वेळात आतड्याची हालचाल सुरू होते. त्या वेळी पिल्लाला अंगणात नेले, तर व्हरांडा वाचतो. अन्न बदलायचे असेल तर आठवडाभर घ्या. आज पाव भाग नवे, दोन दिवसांनी निम्मे, असे. आतड्यातील जंतूंनाही नव्या अन्नाची सवय व्हावी लागते.

आणि वही ठेवा. खाण्याची वेळ, शौच कसे होते, आणि मुख्य म्हणजे वजन. एका रात्रीत वजन घटले, तर ती घट बहुतेक पाण्याचीच असते. पिल्लाला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहायचे आणि मग आपले वजन वजा करायचे, ही युक्ती सोपी आहे. पण पुष्कळ काट्यांचे लघुत्तम माप १०० ग्रॅम असते, आणि आपल्याला नेमका तेवढाच फरक पकडायचा आहे! आम्ही कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला विनंती केली. रोज सकाळी सात वाजता खंड्या स्वच्छ टोपलीत बसून त्याच्या तराजूत जाई. आजारातून उठला त्या दिवशी १ किलो ८५० ग्रॅम, आठव्या दिवशी २ किलो २०० ग्रॅम. नवव्या दिवशी त्याने टोपलीतून उडी मारून एक गाजर पळवले.